चौदा दिवसांचे स्कीइंग आणि चार महिन्यांची वाट

मी खान्देशातल्या एका पंचायत समितीत कनिष्ठ सहायक आहे आणि माझे टेबल आवक-जावकचे आहे. फेब्रुवारी २०२४ मध्ये मी गुलमर्गला जाऊन प्राथमिक स्कीइंगचा, म्हणजे पायांना स्की नावाच्या लांब पट्ट्या बांधून बर्फावरून घसरण्याचा, चौदा दिवसांचा अभ्यासक्रम पूर्ण केला. त्यानंतर मला भेटलेल्या बहुतेकांनी स्कीइंगविषयी फारसे विचारले नाही. रजा कशी मिळाली, तिकिटाचे काय केले, बर्फच पडला नाही तर पैसे परत मिळतात का, हेच विचारले. ते योग्यच आहे, कारण बर्फावरचे दिवस चौदा होते आणि त्यासाठीची खटपट चार महिन्यांची. काही जण अर्ज भरायच्या विचारात असतील, म्हणून जे घडले ते क्रमाने लिहिते.

सुरुवात ऑक्टोबर २०२३ मधल्या एका बातमीने झाली. ऑक्टोबरच्या मध्यात काश्मीरच्या उंच भागांत बर्फ पडल्याची छायाचित्रे आली आणि त्यांत गुलमर्गच्या वरचा अफरवटचा माथा पांढरा झालेला दिसत होता. सातपुड्यात पायी भटकण्याची मला सवय होती, पूर्वी एकदा मनालीच्या सहलीत लोकांना उतारावरून घसरताना पाहिले होते, आणि आपणही हे शिकावे असे तेव्हापासून मनात होते. बातमी वाचून मला वाटले की हंगाम यंदा लवकर सुरू होणार. त्याच आठवड्यात मी १५ जानेवारीपासून सुरू होणाऱ्या तुकडीसाठी गुलमर्गच्या स्कीइंग प्रशिक्षण संस्थेत अर्ज भरला आणि ११ जानेवारीचे झेलम एक्सप्रेसचे जळगाव ते जम्मू शयनयान तिकीटही काढले. तेव्हा आरक्षण १२० दिवस आधी उघडत असे. १ नोव्हेंबर २०२४ पासून ही मुदत ६० दिवसांवर आली आहे, हे आता जाणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

माझी पहिली चूक इथेच झाली होती, आणि ती माझ्या वडिलांनी त्याच दिवशी ओळखली. आमची चोपडा तालुक्यात केळी आणि थोडी कपाशी आहे. नाना म्हणाले की पहिला पाऊस पाहून जो कपाशी लावतो त्याला दुबार लावावी लागते, तुझे ते डोंगरही तसेच असतील. मी हसून सोडून दिले. पुढे गुलमर्गला प्रशिक्षकांनी जवळजवळ हेच सांगितले: ऑक्टोबर-नोव्हेंबरचा बर्फ पडतो तो अजून ऊब असलेल्या जमिनीवर, त्यामुळे चार हजार मीटरहून उंच असलेल्या माथ्यावर तो टिकतो, पण जिथे नवशिके शिकतात त्या साडेसव्वीसशे मीटरवरच्या कुरणात तो दोन दिवसांत विरघळून जातो. छायाचित्र माथ्याचे असते आणि आपल्याला उभे राहायचे असते पायथ्याशी.

अर्जासोबत ओळखपत्राची प्रत, पालकांचे किंवा कुटुंबाचे संमतिपत्र, जोखीम स्वीकारल्याचे हमीपत्र आणि वैद्यकीय प्रमाणपत्र लागले. वैद्यकीय प्रमाणपत्र एमबीबीएस डॉक्टरांचेच हवे होते. आमच्या गावच्या डॉक्टरांनी रक्तदाब, नाडी, छाती तपासून सही-शिक्का दिला, पण शिक्क्यात नोंदणी क्रमांक नव्हता, म्हणून तो कागद दहा दिवसांनी परत आला. दुसऱ्या वेळी मी शिक्का उमटण्याआधीच क्रमांक विचारला. तुम्हीही विचारा, डॉक्टरांना त्याचा राग येत नाही.

रजेचे प्रकरण अधिक लांबले. ६ नोव्हेंबरला मी अर्जित रजेचा आणि मुख्यालय सोडण्याच्या परवानगीचा अर्ज दिला. रोज शेकडो कागदांना मी क्रमांक देते, त्यांतले कोणते कुठे अडतात हे मला तोंडपाठ आहे, तरीही माझा स्वतःचा अर्ज पाच आठवडे कोणत्या टेबलावर होता हे मला कळले नाही. शेवटी तो सापडला तेव्हा त्यावर ‘प्रयोजन स्पष्ट करावे’ असा शेरा होता. मी ‘खाजगी काम’ लिहिले होते. त्याऐवजी ‘साहसी क्रीडा प्रशिक्षण’ असे लिहून तुकडीचे निवडपत्र जोडले आणि २२ डिसेंबरला मंजुरी आली. माझ्या अनुभवावरून सांगते, पहिल्याच अर्जात खरे कारण लिहावे. लोक हसतील या भीतीने मी ते टाळले होते, आणि हसायचे ते तरीही हसलेच. शेजारच्या काकूंनी तर तोंडावरच विचारले, “बरफमा काय ठेवेल शे वं?” त्यावर मला तेव्हा उत्तर सुचले नाही.

दरम्यान तयारी चालू होती. पहाटे पाचला उठून तीन किलोमीटर पळणे, आठवड्यातून तीनदा भिंतीला पाठ टेकवून खुर्चीत बसल्यासारखे उभे राहणे आणि जिना चढणे-उतरणे, एवढाच माझा व्यायाम होता. स्कीइंगमध्ये दम लागतो त्याहून मांड्या जास्त भरून येतात, म्हणून त्या भिंतीच्या व्यायामाचा मला पुढे सर्वांत अधिक उपयोग झाला. कपड्यांसाठी जळगावच्या फुले मार्केटमध्ये दोन फेऱ्या मारल्या. लोकरीची टोपी, आतले गरम कपडे आणि मोजे तिथे मिळाले, पण पाणी न शिरणारे हातमोजे आणि विजार ऑनलाइन मागवावी लागली. कपड्यांवर एकूण ८,६०० रुपये खर्च झाले. सुती कपडे नेऊ नयेत. ते एकदा भिजले की वाळत नाहीत. आणखी एक गोष्ट: बाहेरच्या राज्यातले प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, पोस्टपेड लागते. मी निघण्याच्या तीन आठवडे आधी माझा क्रमांक पोस्टपेड करून घेतला.

आता वाट पाहण्याविषयी. नोव्हेंबरच्या अखेरीस खान्देशात अवकाळी पाऊस झाला, नंदुरबारला पथारीवर वाळत घातलेली मिरची भिजली, आणि घरात सगळे चिंतेत असताना मी मात्र मनातून खूश होते, कारण आपल्याकडे हिवाळ्यात असे ढग येतात त्यामागे बहुतेक वेळा तोच पश्चिमी चक्रावात असतो जो हिमालयात बर्फ पाडतो. भूमध्य समुद्राकडून ही हवा येते, डोंगरांत बर्फ सांडते, आणि ती पुढे सरकली की उत्तरेचे कोरडे गार वारे खाली आपल्यापर्यंत पोहोचतात. ती थंडी केळीला सोसत नाही. पाने पिवळी पडतात, नवे पान अडकते, घडाची वाढ थांबते. आमच्याकडे त्याला चरका म्हणतात. म्हणजे गुलमर्गला बर्फ पडावा असे मी म्हणत होते तेव्हा एका अर्थाने नानांच्या बागेला थंडी लागावी असेच म्हणत होते. हे लक्षात आल्यावर मी घरात हवामानाविषयी मोठ्याने बोलणे बंद केले.

डिसेंबर कोरडा गेला. काश्मीरमध्ये २१ डिसेंबरपासून चाळीस दिवसांचा चिल्लई कलान सुरू होतो, तोच मुख्य बर्फाचा काळ मानला जातो, पण त्यातलेही पहिले पंधरा दिवस कोरडेच गेले. रोज रात्री मी श्रीनगरच्या हवामान केंद्राचा अंदाज पाहत असे आणि त्यात ‘मुख्यतः कोरडे’ हेच शब्द असत. जानेवारीत दिल्ली-पंजाबात दाट धुके पसरले, गाड्या दहा-दहा तास उशिरा धावू लागल्या, आणि डोंगरांत मात्र लख्ख ऊन होते. गुलमर्गच्या मैदानाची छायाचित्रे येत होती ती उन्हाळ्यात आमच्या बांधावर दिसते तशा वाळलेल्या गवताची.

८ जानेवारीला संस्थेतून फोन आला. सरावाच्या उतारांवर बर्फ नाही, तुकडी ५ फेब्रुवारीला सुरू होईल, ज्यांना जमणार नाही त्यांनी कळवावे. मी फोन ठेवला आणि खरे सांगायचे तर जायचेच नाही असे ठरवले. पुन्हा रजा मागायची, पुन्हा तिकीट, आणि फेब्रुवारीतही बर्फ पडला नाही तर? दोन दिवस मी कुणालाच काही बोलले नाही. तिसऱ्या दिवशी आईने भरून ठेवलेली पिशवी उघडली, मोजे मोजले आणि पिशवी परत बांधून माळ्यावर न ठेवता दाराशीच ठेवली. त्याच दिवशी मी कालावधी बदलण्याचा अर्ज दिला. या वेळी तो सहा दिवसांत मंजूर झाला, कारण मूळ मंजुरीचा आदेश सोबत जोडला होता.

तिकिटाचे सविस्तर सांगते, कारण अनेकांचा इथेच गोंधळ होतो. प्रवासाच्या ४८ तासांहून आधी रद्द केल्यामुळे शयनयानाच्या निश्चित तिकिटाचे केवळ १२० रुपये कापले गेले. नवीन तारखांना मात्र सगळीकडे प्रतीक्षा यादी होती, त्यामुळे तत्काळ शिवाय मार्ग नव्हता. झेलम एक्सप्रेस पुण्याहून संध्याकाळी सुटते आणि जळगावला मध्यरात्र उलटल्यावर येते. म्हणजे जळगावहून प्रवासाची तारीख १ फेब्रुवारी असली तरी गाडी पुण्याहून ३१ जानेवारीला निघते, आणि तत्काळ आरक्षण त्या सुटण्याच्या तारखेच्या आदल्या दिवशी, म्हणजे ३० जानेवारीला उघडते. शयनयानासाठी सकाळी अकरा वाजता. माझ्यापुढे रांगेत उभे असलेले एक गृहस्थ हा हिशेब न कळल्याने एक दिवस उशिरा आले होते. निश्चित झालेले तत्काळ तिकीट रद्द केल्यास काहीच परत मिळत नाही, म्हणून ते काढण्याआधी मी संस्थेला फोन करून एकच प्रश्न विचारला: बर्फ आहे का? पलीकडून उत्तर आले की दोन दिवसांपासून पडतो आहे. चिल्लई कलान तेव्हा संपत आला होता.

जळगावच्या फलाटावर नाना सोडायला आले होते. गाडी धुक्यामुळे पुढे रखडत गेली आणि २ तारखेला सकाळी पोहोचायच्या ऐवजी दुपारी जम्मूला लागली. तिथे एक रात्र थांबले. रामबनच्या परिसरात दरडींमुळे महामार्ग कधीही बंद होतो, म्हणून हातात निदान एक दिवस जास्तीचा ठेवावा, ही सूचना मला एका जुन्या प्रशिक्षणार्थीने दिली होती आणि ती फार उपयोगी पडली. ३ तारखेला सुमोने बनिहालपर्यंत गेले. साडेतीन तासांचा रस्ता थांबत थांबत सात तासांत झाला. बनिहालहून रेल्वेने पीर पंजालचा अकरा किलोमीटरहून लांब बोगदा ओलांडला. बोगद्याच्या अलीकडे डोंगर करडे होते आणि पलीकडे छपरे, तारा, चिनारांच्या फांद्या, सगळे पांढरे. डब्यातल्या कुणालाच त्याचे काही नव्हते. मी मात्र काच पुसत राहिले.

४ तारखेला श्रीनगरहून टनमर्गपर्यंत साधी गाडी आणि तिथून वरचे तेरा किलोमीटर चाकांना साखळ्या लावलेली गाडी. टनमर्गला गमबूट आणि फिरन, म्हणजे लांब सैल काश्मिरी अंगरखा, भाड्याने घेण्याचा फार आग्रह होतो. अभ्यासक्रमाला जाणाऱ्यांना त्याची गरज नाही, साहित्य संस्थाच देते.

पहिल्याच दिवशी साहित्य वाटपात मी दुसरी चूक केली. स्कीचे बूट प्लास्टिकचे, जड आणि घोट्याला जखडून टाकणारे असतात. मला घट्ट बूट नको वाटला म्हणून एक माप मोठा घेतला आणि दोन मोजे घातले. सैल बुटात उतारावर पाय पुढे सरकतो आणि बोटे टोकावर आदळतात. चौथ्या दिवशी दोन्ही अंगठ्यांची नखे काळी झाली होती. बूट उभे राहिल्यावर बोटांना टेकेल आणि गुडघे वाकवल्यावर बोटे थोडी मागे येतील असा हवा, आणि मोजा एकच हवा. लाजेखातर चूक रेटू नका, पहिल्याच संध्याकाळी बूट बदलून मागा.

पहिले तीन दिवस घसरणे जवळजवळ नसतेच. आडव्या पायांनी उतार चढायचा, पडायचे कसे ते शिकायचे, पडल्यावर स्की उताराला आडव्या करून उठायचे, आणि पुन्हा चढायचे. नवशिक्यांच्या छोट्या उतारावर आम्ही दिवसातून पंधरा-वीस वेळा चढत होतो. मग स्नोप्लाऊ: स्कीची टोके जवळ आणि मागची बाजू फाकवून वेग रोखायचा. ऐकायला सोपे आहे. अडचण अशी की भीती वाटली की माणूस मागे, डोंगराकडे झुकतो, आणि मागे झुकले की स्कीची टोके हलकी होऊन ताबा सुटतो. प्रशिक्षक सारखे सांगत, नडगी बुटाला टेकवा, दरीकडे झुका. शरीर ऐकत नाही. सहाव्या दिवशी मी एका कुंपणाच्या जाळीत गेले, लागले काही नाही, पण त्या रात्री घरी फोन केला तेव्हा आवाज नीट निघत नव्हता. नाना पलीकडून म्हणाले, “रातले आठे गारठा सुटना. तठे बरफ पडना व्हई ना?” म्हणजे, रात्री इथे गारठा सुटला, तिथे बर्फ पडला असेल ना? मी विचारले, बागेचे काय? त्यांनी रात्री पाणी सोडले होते आणि बांधावर ओला कचरा पेटवून धूर केला होता. तापमान ठरावीक अंशांखाली सलग काही दिवस राहिले तरच फळपीक विम्याचा दावा बसतो, त्यामुळे तेही रोज महसूल मंडळाच्या हवामान केंद्रावरचा आकडा पाहत होते. दोघेही एकाच थंडीचे आकडे पाहत होतो हे आम्ही त्या दिवशी प्रथमच एकमेकांना सांगितले.

आठव्या दिवशी वळण जमले. कसे जमले ते नेमके सांगता येणार नाही. एका पायावर भार टाकला, स्की आपोआप फिरली, आणि मी थांबले तेव्हा जिथे थांबायचे होते तिथेच होते. त्यानंतरचे दिवस भराभर गेले.

मधल्या एका सुटीत गोंडोलाने, म्हणजे केबल कारने, पहिल्या टप्प्यावरच्या कोंगडोरीपर्यंत गेले. तिकीट आधी ऑनलाइन काढावे लागते. तिथे एका उताराच्या कापलेल्या कडेत प्रशिक्षकांनी बर्फाचे थर दाखवले. वरचा ताजा थर मऊ, त्याखालचा घट्ट, आणि सर्वांत खाली साखरेच्या दाण्यांसारखा सुटा बर्फ, मुठीत घेतला तरी गोळा न होणारा. हंगामाच्या सुरुवातीला पडलेला पातळ बर्फ निरभ्र थंड रात्रींत असा दाणेदार होतो, त्याला पकड नसते, आणि नंतर त्यावर मोठा बर्फ साचला की वरचा थर घसरू शकतो. ऑक्टोबरात ज्या छायाचित्राने मी हुरळून गेले होते त्या बर्फाचे माथ्यावर पुढे काय होते, ते मी त्या मुठीत पाहिले.

काही किरकोळ गोष्टी. रात्री नळ गोठतात, म्हणून संध्याकाळीच बादली भरून ठेवावी. फोनची बॅटरी थंडीत झपाट्याने उतरते, तो आतल्या खिशात ठेवावा. उन्हाचा चष्मा आणि चेहऱ्याला लावायचे मलम यांवर पैसे वाचवू नयेत. आम्हा खान्देशच्या माणसांना ४५ अंशांचे ऊन माहीत असते, तरीही बर्फावरून परतलेल्या उन्हाने माझ्या नाकाची साल निघाली. आईने दिलेल्या ठेच्यातले तेल सकाळी थिजलेले असे, आणि तो कपड्यांच्या आत धरून थोडा वेळ ऊब दिल्यावरच खाता येई. तरी तो सहाव्या दिवशी संपला, कारण तुकडीतल्या पंजाबी मुलींना तो सापडला.

१८ फेब्रुवारीला परीक्षा झाली: ठरवलेल्या दारांमधून वळत खाली येणे आणि खुणेवर थांबणे. मी एक दार चुकवले आणि ‘ब’ श्रेणी मिळाली. त्याच दिवशी पुन्हा जोराचा हिमवर्षाव सुरू झाला. २१ तारखेपासून तिथे खेलो इंडिया हिवाळी स्पर्धा होत्या, त्यामुळे उतारांवर झेंडे लागत होते आणि सगळे आनंदात होते, पण आमचा परतीचा रस्ता बंद झाला. श्रीनगरला दोन दिवस अडकले. वाढीव रजेचा अर्ज मी फोनवरूनच पाठवला, सोबत रस्ता बंद असल्याच्या वाहतूक पोलिसांच्या सूचनेचे छायाचित्र जोडले. २२ तारखेला जम्मू स्थानकावर गाडीची वाट पाहत असताना बातमी आली की गुलमर्गच्या वरच्या भागात हिमस्खलन होऊन एक रशियन स्कीपटू मरण पावला. आमच्या तुकडीच्या गटावर बराच वेळ कुणीच काही लिहिले नाही.

एकूण खर्च सुमारे ३९,००० रुपये झाला. त्यात राहणे, जेवण आणि साहित्यासह अभ्यासक्रमाचे शुल्क वीस हजारांच्या घरात, कपडे वर सांगितले तेवढे, आणि उरलेला रेल्वे, सुमो व वाटेतल्या मुक्कामांचा. तुकडी पुढे ढकलली गेल्यामुळे शुल्कात काही वाढ झाली नाही, मात्र तत्काळ तिकीट आणि श्रीनगरचे दोन दिवस मिळून तीन हजार जादा गेले. एवढी रक्कम बाजूला धरूनच निघावे.

२४ फेब्रुवारीला पहाटे जळगावला उतरले. २६ तारखेला, सोमवारी, कामावर रुजू झाल्याचा अहवाल लिहिला आणि तो देण्यासाठी आवक-जावकच्या टेबलाशी गेले. टेबलावर कुणी नव्हते. मग खुर्चीत बसले, शिक्का मारला, आणि माझ्याच कागदाला आवक क्रमांक दिला.